कॅनडातल्या कंपन्यांची सलोख्याची वचनं: पैसा वस्तीपर्यंत पोचतो का?

बो_नदीकाठी (कॅलगरी)

नमस्कार मंडळी,

मी इथे ऊर्जाक्षेत्रातल्या एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. निविदा काढायच्या, आलेल्या तपासायच्या, कंत्राटं करायची, मग बिलांचा पाठपुरावा. कॅलगरीत कुठलीही मोठी बैठक सुरू होताना आधी निवेदन वाचलं जातं, की आपण सातव्या तहाच्या (राजसत्तेने इथल्या मूलनिवासींशी केलेल्या कराराच्या) भूमीवर आहोत आणि ही सिक्सिका, काइनाई, पिकानी, त्सूटिना आणि स्टोनी नकोडा या लोकांची भूमी आहे. त्या निवेदनाबद्दल मला मनापासून आदर आहे. पण त्याच टेबलावर पुढच्या तासाभरात जी कंत्राटं मंजूर होतात ती कुणाला मिळतात, याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं सापडलं नाही. म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. निवासी शाळांच्या नावाखाली दीड लाखांहून जास्त मूलनिवासी मुलं आईबापांपासून तोडली गेली. त्यांची भाषा बोलायला बंदी होती, आणि हजारो मुलं घरी परत आलीच नाहीत. सरकारने २००८ मध्ये संसदेत माफी मागितली. सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५ मध्ये अहवाल देऊन ९४ आवाहनं केली. त्यातलं ९२ वं थेट उद्योगजगताला आहे. त्यात मागणं असं: प्रकल्पाआधी खरी सल्लामसलत करा आणि संमती घ्या. नोकऱ्या आणि प्रशिक्षणात बरोबरीची संधी द्या, आणि विकासाचा टिकाऊ फायदा वस्तीला मिळू द्या. आपल्या अधिकाऱ्यांना आणि कर्मचाऱ्यांना हा इतिहास शिकवा. बहुतेक कंपन्यांनी या शेवटच्या कामापासून सुरुवात केली. तेही हवंच. पण मला लिहायचंय ते मधल्या मागणीबद्दल, 'टिकाऊ फायदा' या दोन शब्दांबद्दल.

आमच्या क्षेत्रात नेहमी ऐकू येणारं वाक्य म्हणजे "त्यांनी खुल्या बाजारात येऊन स्पर्धा करावी, आम्ही कुठे अडवलंय?" हे बोलणाऱ्याला बाजाराचा इतिहास ठाऊक नसतो. गवताळ प्रांतांमधल्या मूलनिवासी शेतकऱ्याला स्वतःचं धान्य विकायला सरकारी एजंटाचा परवाना लागायचा. १९२७ ते १९५१ या काळात जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला वर्गणी गोळा करणं हा गुन्हा होता. आणि इंडियन अ‍ॅक्ट, म्हणजे कॅनडाचा मूलनिवासींसाठीचा कायदा, त्याचं कलम ८९ आजही लागू आहे. राखीव वस्तीतली मालमत्ता बाहेरच्या कुणाकडे गहाण टाकता येत नाही, बाहेरच्या धनकोला तिच्यावर जप्ती आणता येत नाही. हेतू जमीन वाचवण्याचा, आणि जमीन त्यामुळे वाचली हेही खरं. पण बँकेच्या दारात त्याचा अर्थ एवढाच होतो की तारण नाही, म्हणून कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून यंत्रं नाहीत, यंत्रं नाहीत म्हणून कामाचा अनुभव नाही, आणि अनुभव नाही म्हणून आमच्या निविदेत गुण नाहीत.

आता आमची निविदा बघा. पन्नास लाख डॉलरचा विमा पाहिजे. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र पाहिजे. पुरवठादारांच्या पडताळणीचं जे पोर्टल आहे त्याची दरवर्षीची फी भरलेली पाहिजे. हमीपत्र पाहिजे. आणि बिल मंजूर झालं की पैसे साठ दिवसांनी, काही कंपन्यांत नव्वद. आठ-दहा माणसांच्या कंपनीला दर पंधरवड्याला पगार करायचे असतात. साठ दिवसांचं अंतर ती कशाच्या जोरावर ओढणार?

जवळून पाहिलेलं सांगतो. पाइपलाइनच्या पट्ट्यातली झाडंझुडपं काढून तो मोकळा ठेवायचं काम असतं. आमच्याकडे ते वर्षानुवर्षं एकाच मोठ्या कंत्राटात जायचं. आम्ही ते भागांनुसार तोडून काढलं, छोट्या तुकड्यांना हमीपत्राची अट काढून टाकली आणि पंधरा दिवसांत पैसे द्यायचं कलम घातलं. बाकी काही बदललं नाही, दराचे निकष तेच आणि सुरक्षिततेचे निकष तेच. तेवढ्यावर एका फर्स्ट नेशनच्या (स्वतःचं शासन असलेल्या मूलनिवासी समाजाच्या) मालकीच्या कंपनीने आमच्याकडे पहिल्यांदा निविदा भरली आणि एक तुकडा मिळवला. चेनसॉचं प्रशिक्षण घेऊन गावात बसून राहिलेली पोरं कामाला लागली. पुढच्या हंगामात त्यांनी स्वतःचा मल्चर घेतला, म्हणजे झाडोरा जागच्या जागी भरडणारं यंत्र. यंत्र स्वतःचं आल्यावर दुसऱ्या कंपन्यांच्या निविदाही त्यांना भरता आल्या.

माझं म्हणणं हेच आहे. सलोख्याचं वचन कंपनीच्या अहवालात कितीही सुंदर लिहिलेलं असो, ते खरं आहे का हे कंत्राटाच्या अटींवरून आणि मालकीवरून कळतं.

मालकी हा शब्द मुद्दाम वापरतोय. समजा, शंभर डॉलरचं बिल आलं. पुरवठादार म्हणून नाव संयुक्त कंपनीचं आहे, ५१ टक्के फर्स्ट नेशनची आणि ४९ टक्के शहरातल्या जुन्या कंत्राटदाराची. कंत्राटदार आधी आपल्या यंत्रांचं भाडं कापतो, मग व्यवस्थापनाची फी, मग आपल्याच माणसांचे पगार. हे सगळं जाऊन चार डॉलर उरले तर वस्तीच्या वाट्याला दोन. आमच्या वार्षिक अहवालात मात्र 'मूलनिवासी पुरवठादारांवरील खर्च' या रकान्यात शंभरच्या शंभर चढतात. कायद्यात बसतं सगळं. म्हणून मी हल्ली संयुक्त कंपनी समोर आली की विचारतो: यंत्रं कुणाच्या नावावर आहेत? साइटवरचा सुपरवायझर कुठला? पाच वर्षांनी कंत्राटदार बाजूला झाला तर काम चालू राहील का? नफा कुठे जातो आणि ते कोण ठरवतं?

उत्तर अल्बर्टातल्या फोर्ट मॅकेची वाटचाल या दृष्टीने बघण्यासारखी आहे. चहूबाजूंनी तेलवाळूच्या, म्हणजे जड तेल मिसळलेल्या वाळूच्या खाणी. या फर्स्ट नेशनने १९८६ मध्ये आपली कंपनी काढली ती साफसफाईच्या एका कंत्राटावर. मग मातीकाम, वाहतूक, देखभाल, एकेक काम अंगावर घेत गेले. २०१७ मध्ये त्यांनी मिकिसू क्री लोकांबरोबर सनकोर कंपनीच्या तेलटाक्यांच्या तळात ४९ टक्के हिस्सा घेतला, सुमारे ५० कोटी डॉलरला. पैसा उभा केला बाँडबाजारातून, म्हणजे गुंतवणूकदारांनी त्यांना थेट कर्ज दिलं. झाडू मारायच्या कंत्राटापासून टाक्यांच्या मालकीपर्यंत यायला तीस वर्षं लागली. कंपनीने देणगी दिली असती तर एका वर्षात समारंभ झाला असता आणि संपला असता.

इथे कॅनडातले बरेच जण आहेत. तुमच्या प्रांतात, तुमच्या ऑफिसात काय दिसतं? भारतातल्या मंडळींनीही जरूर लिहा.

---

हॅलिफॅक्सची_रेवा

फार दिवसांनी असा धागा आला. मी नोव्हा स्कोशियात राहते, त्यामुळे मेंबर्टूबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मेंबर्टू ही केप ब्रेटन बेटावरच्या सिडनी शहरातली मिकमॉ लोकांची वस्ती. मूळ वस्ती बंदराच्या काठाला, किंग्ज रोडवर होती. शहर वाढलं, गोऱ्या शेजाऱ्यांना ती जागा हवीशी झाली आणि १९१६ मध्ये कोर्टाच्या हुकमाने सगळ्या वस्तीला उठवायचं ठरलं. १९२६ मध्ये त्यांना वरच्या दलदलीच्या जमिनीवर नेऊन बसवलं. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत वस्तीचा कारभार दरवर्षी दहा लाख डॉलरच्या तुटीत होता आणि बहुतेक लोक सरकारी मदतीवर.

मग प्रमुख टेरी पॉल आणि त्यांच्या मंडळाने वेगळीच सुरुवात केली. शिकून बाहेर गेलेल्या आपल्या माणसांना परत बोलावलं, हिशेब चोख केले आणि ते लोकांसमोर उघडे ठेवले. २००२ मध्ये आयएसओ ९००१ प्रमाणपत्र घेतलं. मूलनिवासी शासनाने असं प्रमाणपत्र घेण्याची ही पहिलीच वेळ. मोठ्या कंपन्यांच्या दारात जाऊन ते सांगत, आमच्याशी भागीदारी करा, आमचा कारभार तुमच्याच मापदंडाने तपासून घ्या. पुढे अधिवेशन केंद्र आलं, हॉटेल आलं, दुकानांच्या जागा आल्या. आज सिडनीतले सगळ्या समाजांचे लोक तिथे नोकरी करतात.

आणि २०२० चा शरद ऋतू मी विसरणार नाही. मिकमॉ कोळ्यांनी तहाच्या हक्काने लॉब्स्टर धरायला सुरुवात केली म्हणून प्रांताच्या नैऋत्य भागात जमाव चालून आले, गाडी जाळली, मिकमॉ लोकांचा माल ठेवलेलं एक लॉब्स्टरचं कोठार ऑक्टोबरमध्ये जळून खाक झालं. त्यानंतर महिनाही उलटला नाही तोच नोव्हेंबरात बातमी आली, की मेंबर्टूच्या पुढाकाराने मिकमॉ वस्त्यांचा गट आणि प्रीमियम ब्रँड्स ही खाद्यपदार्थांची कंपनी मिळून क्लिअरवॉटर सीफूड्स ही मोठी मासळी कंपनी विकत घेतायत. व्यवहार शंभर कोटी डॉलरचा. निम्मी मालकी मिकमॉ लोकांची आणि खोल समुद्रातले कॅनडातले मासेमारी परवाने त्यांच्या हातात. जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला.

बो_नदीकाठी यांनी तारणाचं लिहिलंय, त्याला जोड देते. या खरेदीसाठी मिकमॉ लोकांना २५ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं ते फर्स्ट नेशन्स फायनान्स ऑथॉरिटीकडून. ही मूलनिवासी शासनांनी चालवलेली संस्था आहे. सगळ्या सभासद वस्त्यांची पत एकत्र करून बाँड काढते आणि तो पैसा वस्त्यांना लांब मुदतीने कर्जाऊ देते. बँकांनी दार उघडलं नाही तेव्हा यांनी स्वतःची वित्तसंस्था उभी केली.

---

सदाशिवकाका_पुणे

लेख वाचून माहितीत भर पडली, आभारी आहे. एक शंका मनात येते ती विचारतो, गैरसमज नसावा. मी स्वतः आयुष्यभर कारखान्यात भांडार आणि खरेदी सांभाळली. आमच्या वेळी एकच नियम होता, दर आणि दर्जा. पुरवठादार कोण, कुठला, हे बघायचं नाही. मालकी बघून काम द्यायला लागलो तर कंपनीला ते महाग पडणार नाही का? आणि ज्यांना काम मिळतं त्यांना स्पर्धेची सवय कशी लागणार?

---

बो_नदीकाठी

काका, गैरसमज कसला? आमच्या विभागातही हा प्रश्न नेहमी निघतो.

दर आणि दर्जा आम्हीही सोडत नाही. मी वर लिहिलेल्या कामात दर बाजारभावाच्या आतच होते. उलट दुर्गम भागात स्थानिक कंपनी स्वस्त पडते, कारण शहरातल्या कंत्राटदाराला माणसं विमानाने न्यावी लागतात, त्यांच्या राहण्याजेवणाची छावणी उभारावी लागते. सस्कॅचवनच्या उत्तरेला युरेनियमच्या खाणी आहेत. तिथे कॅमेको कंपनी वाहतूक, जेवणखाण, बांधकाम अशा कित्येक सेवा उत्तरेतल्या मूलनिवासी मालकीच्या कंपन्यांकडून घेते, आणि हे गेली काही दशकं चाललंय. परवडत नसतं तर इतकी वर्षं कुणी केलं नसतं.

दुसरं असं, की कंपनी ज्या जमिनीतून कमावते ती जमीन कुणाची आहे हा प्रश्न इथे मिटलेला नाही. तह आहेत, काही भागात तेही नाहीत. म्हणून मी याला मेहेरबानी समजत नाही. ज्याच्या अंगणातून पाइपलाइन जाते त्याला त्या धंद्यात वाटा असावा, इतकं साधं आहे.

संघसरकारनेही २०२१ मध्ये ठरवलंय की सरकारी कंत्राटांच्या रकमेतला किमान पाच टक्के भाग मूलनिवासी उद्योगांकडे जावा. लोकसंख्येतलं त्यांचं प्रमाण साधारण तेवढंच आहे.

---

सदाशिवकाका_पुणे

छावणीच्या खर्चाचा मुद्दा पटला. तो हिशेब माझ्या डोक्यात आला नव्हता.

---

सीए_नितीन (टोरंटो)

पाच टक्क्यांचं बोलताय तर त्याची दुसरी बाजूही यायला हवी. राखीव कंत्राटांसाठी कंपनी ५१ टक्के मूलनिवासी मालकीची हवी आणि मिळालेल्या कामापैकी किमान ३३ टक्के मोलाचं काम मूलनिवासी कंपन्यांनीच करायला हवं, असा नियम आहे. २०२४ मध्ये संसदीय समितीसमोर यावर बराच काळ साक्षी झाल्या. मूलनिवासी नेत्यांनी तिथे उघड सांगितलं की नावापुरता भागीदार पुढे करून कंत्राटं उचलणारे आणि मूलनिवासी असल्याचा खोटा दावा करणारे लोक या पैशावर ताव मारतायत. कागदावर ५१ टक्के दाखवणं हे आमच्या व्यवसायातल्या कुणालाही अवघड नाही. भागभांडवल एकाच्या नावावर, मताधिकार दुसऱ्याकडे, आणि नफा तिसऱ्याच करारातून बाहेर. तुम्ही वर मांडलेला शंभर डॉलरचा हिशेब अगदी असाच जुळवला जातो.

माझ्या मते टक्केवारी तपासण्याबरोबर लाभांश खरोखर वाटला गेला का, हे तीन-चार वर्षांच्या ताळेबंदांवरून बघावं. संबंधित पक्षांना (म्हणजे भागीदारांना किंवा त्यांच्याच दुसऱ्या कंपन्यांना) दिलेली भाडी आणि फी ताळेबंदाच्या टिपांमध्ये दाखवलेली असते, ते पान आधी उघडावं.

---

बो_नदीकाठी

नितीन, ते टिपांचं पान मी आमच्या यादीत घालतो.

पडताळणीसाठी सध्या कॅनेडियन कौन्सिल फॉर इंडिजिनस बिझनेसचं प्रमाणपत्र बघितलं जातं. ही संस्था १९८४ पासून आहे, ५१ टक्के मालकीची कागदपत्रं तपासते. हीच संस्था मोठ्या कंपन्यांनाही दर्जा देते, कांस्य, रौप्य, सुवर्ण असा. पण मूलनिवासी नेत्यांचा आग्रह आहे की कोण आपलं आणि कोण नाही हे वस्त्यांनी आणि त्यांच्या संस्थांनी ठरवावं, सरकारी यादीने नव्हे. मला तो रास्त वाटतो.

---

शर्वरी_व्हँकुव्हर

लेख मनापासून लिहिलाय, म्हणून मीही मनापासून लिहिते. तुम्ही ९२ व्या आवाहनातली मधली मागणी निवडली, पण पहिली म्हणजे संमती. ती बाजूला ठेवून कंत्राटांचं कौतुक केलं तर मोठी गोष्ट निसटते.

आमच्या प्रांतात कोस्टल गॅसलिंक पाइपलाइनच्या वेळी काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. मार्गावरच्या वीसही फर्स्ट नेशन्सच्या निवडून आलेल्या मंडळांनी करार केले, त्यात नोकऱ्या होत्या, कंत्राटं होती. पण वेट्सुवेटेन लोकांच्या परंपरागत प्रमुखांनी नकार दिला होता, आणि त्या जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेने त्यांच्याकडे आहे. २०२० च्या सुरुवातीला पोलीस आत शिरले, अटका झाल्या, आणि देशभर रेल्वे अडवल्या गेल्या. कंत्राटं दिलेली होती, तरी सलोखा झाला नाही.

आणि तुम्ही मिकिसू क्री लोकांचं उदाहरण दिलंत. त्यांचे लोक फोर्ट चिपेवायनला नदीच्या खालच्या अंगाला राहतात. कर्ल तेलवाळू खाणीच्या सांडपाण्याच्या तळ्यातून पाणी झिरपतंय हे २०२२ च्या मे महिन्यात लक्षात आलं, आणि गंभीर प्रकार आहे हे त्या लोकांना २०२३ च्या फेब्रुवारीत समजलं. मधले नऊ महिने ते त्याच परिसरात शिकार करत होते, मासे धरत होते. टाक्यांच्या तळात हिस्सा असून त्यांना वेळेवर नीट कळवलं गेलं नाही.

---

बो_नदीकाठी

शर्वरी, तुमचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे आणि ते या धाग्यात यायलाच हवं होतं. कंत्राट ही संमतीची किंमत म्हणून दिली जात असेल तर तो सलोखा नव्हेच.

भर एवढीच घालतो. हिस्सेदारी कंपनीच्या एका मालमत्तेत असते, निर्णयाच्या खुर्चीत असतेच असं नाही. टाक्यांच्या तळात ४९ टक्के असणं आणि दुसऱ्याच कंपनीच्या खाणीवर देखरेखीचा अधिकार असणं, यात फार अंतर आहे. म्हणून जिथे बहुमताची मालकी आहे तिथे काय घडतं याकडे माझं लक्ष आहे. तुमच्याच प्रांतात किटिमाटला हाइस्ला लोकांचा सीडर एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायूचा) प्रकल्प होतोय, त्यात हाइस्ला ५०.१ टक्के आणि पेंबिना कंपनी ४९.९ टक्के. अंतिम गुंतवणुकीचा निर्णय जून २०२४ मध्ये झाला. प्रकल्प विजेवर चालवायचा हा आग्रह हाइस्ला लोकांचा होता. वायूचा प्रकल्प मुळात हवा का, यावर तुमचंमाझं मत वेगळं असू शकेल. पण तो कसा उभारायचा हे तिथले लोक ठरवतायत.

---

शर्वरी_व्हँकुव्हर

हाइस्ला लोकांचं मान्य. त्यांच्या शेजारच्या वस्त्यांना काय वाटतं हेही कुणीतरी लिहायला हवं, पण तो वेगळा धागा होईल.

---

वैनगंगेकाठचा (गडचिरोली)

कॅनडाचं वाचून आमच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवलं नाही असं होणार नाही. २००९ मध्ये ग्रामसभेला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. पण बांबू तोडून विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. हक्क कागदावर आणि बांबू जंगलात, असं दोन वर्षं चाललं. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. तेव्हापासून विक्री ग्रामसभेची, पैसा ग्रामसभेच्या खात्यात, मजुरीचा दर ग्रामसभा ठरवते. पुढे जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या.

तुमच्या तारणाच्या मुद्द्यावर सांगतो. सामूहिक वनहक्काची जमीनही गहाण टाकता येत नाही, आणि येऊही नये. पण मग हंगामाच्या आधी मजुरीला पैसा आणायचा कुठून? ठेकेदार उचल देतो आणि भावात ती कापून घेतो. रेवाताईंनी लिहिली तशी ग्रामसभांनी मिळून चालवलेली वित्तसंस्था इथे असती तर चित्र वेगळं दिसलं असतं.

खरेदीचा नियम आपल्याकडेही आहे हे कमी लोकांना माहीत असतं. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणात मंत्रालयांनी आणि सार्वजनिक कंपन्यांनी चार टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या लघुउद्योगांकडून करायची आहे. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या बराच खाली राहत आलाय. खाजगी कंपन्यांना दोन टक्के सामाजिक खर्चाचा कायदा आहे, त्यातून शाळेला रंग मिळतो, सोलर दिवे मिळतात. चांगलंच आहे. पण त्याच कंपन्यांच्या कॅन्टीनमधला तांदूळ, मध, पत्रावळ्या, बांबूचं फर्निचर ग्रामसभेकडून घ्या म्हटलं तर उत्तर येतं की तुम्ही आमच्या पुरवठादारांच्या यादीत नाही. यादीत यायला तीन वर्षांची उलाढाल दाखवा म्हणतात.

---

बो_नदीकाठी

तीन वर्षांच्या उलाढालीची अट! दादा, ही अट आमच्याकडेही शब्द न शब्द होती. आम्ही तिच्या जागी 'मालक किंवा सुपरवायझरचा त्या कामातला वैयक्तिक अनुभव' असा पर्याय ठेवला. कंपनी नवी असली तरी माणसं जुनी असतात. तुमच्याकडे कुठल्या खरेदी अधिकाऱ्याशी बोलणं झालं तर हा पर्याय जरूर सुचवा.

उचल देणाऱ्या ठेकेदाराबद्दल थोडं सांगतो. अल्बर्टा सरकारने २०१९ मध्ये एक महामंडळ काढलं, जे वस्त्यांच्या कर्जाला सरकारी हमी देतं. पहिली हमी सहा फर्स्ट नेशन्सना मिळाली, एका वीजप्रकल्पातल्या हिश्शासाठी. २०२२ मध्ये तेवीस फर्स्ट नेशन आणि मेटी (मूलनिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या समाजाच्या) वस्त्यांनी मिळून एनब्रिज कंपनीच्या सात पाइपलाइनमध्ये साडेअकरा टक्क्यांच्या आसपास हिस्सा घेतला, ११२ कोटी डॉलरचा, त्यालाही या हमीचा आधार होता. सरकार हमी देतं, अनुदान देत नाही. कर्ज वस्त्या फेडतात, मिळालेल्या उत्पन्नातून. हमी असली की व्याजदर उतरतो आणि कुणा ठेकेदाराची उचल लागत नाही.

---

मुक्ता_मिसिसागा

इतक्या मोठ्या व्यवहारांपुढे माझा मुद्दा छोटा आहे, पण माझ्या हातातला आहे. ३० सप्टेंबरला आमच्या ऑफिसात सगळे नारिंगी टीशर्ट घालतात. त्यामागची हकिकत ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फिलिस वेबस्टॅड सहा वर्षांच्या होत्या तेव्हा आजीने घेऊन दिलेला नवा नारिंगी शर्ट घालून निवासी शाळेत गेल्या, आणि पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिलाच नाही. २०१३ पासून हा दिवस पाळला जातो आणि २०२१ पासून राष्ट्रीय सुट्टीही झाली.

ऑफिसचे टीशर्ट मागवायचं काम यंदा माझ्याकडे आहे. मागच्या वर्षीची ऑर्डर एका घाऊक छपाईवाल्याकडे गेली होती. चित्र कुणाचं, चित्रकाराला काय मिळालं, कशाचीच नोंद फाइलमध्ये नाही. नेटवर शोधलं तर शेकडो दुकानं निघतात, आणि बऱ्याच ठिकाणी मालक कोण तेच लिहिलेलं नाही. बो_नदीकाठी, पुरवठादाराला नेमकं काय विचारू? आमचं बजेट आधीच मंजूर आहे, वाढणार नाही.

---

बो_नदीकाठी

मुक्ताताई, याला छोटं म्हणू नका. देशभर किती ऑफिसं हे शर्ट घेतात बघा.

पहिलं विचारा, दुकानाची मालकी कुणाची आणि कुठल्या फर्स्ट नेशनची, मेटी किंवा इनुइट (उत्तर ध्रुवाकडच्या भागातले मूलनिवासी). खरा मालक हे अभिमानाने सांगतो, बहुतेक वेळा वेबसाइटवरच असतं. मग चित्रकाराचं नाव आणि त्याच्याशी असलेला करार, एकरकमी घेतलंय की दर शर्टामागे मानधन आहे. छपाई कुठे होते, आणि विक्रीतला वाटा कुठल्या वस्तीला किंवा निवासी शाळांतून वाचलेल्यांच्या संस्थेला जात असेल तर तिचं नाव. शर्टवर 'प्रत्येक मूल मोलाचं' हे ब्रीद छापलंय एवढ्यावरून काही ठरत नाही.

आणि सर्वात महत्त्वाचं: ऑर्डर जून-जुलैतच द्या, निम्मे पैसे आगाऊ द्या. छोट्या छपाईवाल्याकडे सप्टेंबरात सगळ्या कंपन्या एकदमच येतात. कोरे शर्ट आधी घेऊन ठेवायला त्याच्याकडे भांडवल नसतं, मग तो नाही म्हणतो आणि ऑर्डर परत घाऊकवाल्याकडे जाते. बजेट तेवढंच राहील, फक्त तारीख अलीकडे येईल.

---

त्सूटिना_शेजारी (कॅलगरी)

बो_नदीकाठी, आपण एकाच गावातले. नैऋत्य रिंग रोडच्या कडेचं कॉस्टको तुम्हाला माहीतच असेल, २०२० मध्ये उघडलेलं. आम्ही मराठी मंडळी दर शनिवारी तिथे असतो, पण ते त्सूटिना लोकांच्या राखीव जमिनीवर आहे हे निम्म्या जणांना ठाऊक नसतं. कॅनडात फर्स्ट नेशनच्या जमिनीवर उघडलेलं हे पहिलं कॉस्टको. जमीन विकलेली नाही, भाडेपट्ट्याने दिलीय, आणि आजूबाजूचा ताझा नावाचा सगळा विकास त्सूटिना लोक एका बांधकाम कंपनीच्या भागीदारीत करतायत. रिंग रोडसाठीही त्यांनी २०१३ च्या करारात जमीन दिली ती भरपाई आणि त्याहून जास्त बदली जमीन घेऊन, अनेक दशकं वाटाघाटी केल्यावर आणि आपल्या लोकांचं मतदान घेतल्यावर.

तिथल्या गाळ्यांमध्ये आपल्यापैकी कुणाला दुकान टाकायचं असेल तर भाडं त्सूटिना लोकांच्या कंपनीला जाईल, हाही एक व्यवहार आहे. माझ्या ओळखीतले दोघे विचार करतायत.

---

सीए_नितीन

राखीव जमिनीवरच्या भाडेपट्ट्याचे कायदेशीर आणि कराचे नियम प्रांताच्या नेहमीच्या नियमांपेक्षा वेगळे असतात. त्या दोघांना सांगा, सही करण्याआधी त्या विषयातल्या वकिलाला करार दाखवा. इथे व्यक्तिगत निरोप पाठवलात तर कुठली कलमं बघायची ते कळवतो.

---

मुक्ता_मिसिसागा

बो_नदीकाठी, खूप आभार. तुमचे प्रश्न जसेच्या तसे तीन दुकानांना पाठवले. एकीकडून तासाभरात फोन आला. बाई स्वतः मालक, मॅनिटूलिन बेटावरच्या. चित्रकार त्यांच्या वस्तीतलाच आणि दर शर्टामागे मानधन. दर मागच्या वर्षीपेक्षा शर्टामागे दीड डॉलर जास्त येतोय, तेवढं मी पार्टीच्या खर्चातून वळवून घेते, साहेबांनी होकार दिलाय. आगाऊ रकमेचं मात्र आमच्या अकाउंट्सवाल्यांनी अडवलंय, धोरणात बसत नाही म्हणतात. त्यांना काय लिहून देऊ?

---

बो_नदीकाठी

लिहा की ठरावीक रकमेखालच्या खरेदीला विभागप्रमुखाच्या मंजुरीने आगाऊ रक्कम देता येते. असं कलम बऱ्याच कंपन्यांच्या धोरणात असतं, तुमच्या धोरणात आहे का ते आधी बघा. तसं नसेल तर कंपनीच्या क्रेडिट कार्डावर निम्मी रक्कम भरता येईल का ते विचारा. त्याउप्पर अडलं तर कलम क्रमांक मला कळवा, मसुदा करून देतो.